सातवा रकाना

साराचा फोन रविवारी येतो, मी चर्चमधून परत येऊन चहाचं आधण ठेवलेलं असताना. तिकडे कॅनडात तेव्हा शनिवारच चालू असतो. गेल्या महिन्यात ती म्हणाली, "आजी, मी मायनर घेतलाय. ग्लोबल डेव्हलपमेंट. मेजर बायॉलॉजीच, पण हे पण." मी म्हटलं, "आमच्या वेळी त्याला जोडविषय म्हणत. माझा मुख्य विषय इंग्रजी आणि जोडविषय विकासाचं अर्थशास्त्र." मग ती म्हणाली, "तू? आजी, तू कधी बोलली नाहीस." खरंच बोलले नव्हते. तुमच्या आजोबांना मी एवढंच सांगितलं होतं की मला त्या विषयात वर्गात सर्वांत जास्त गुण होते.

उन्हाळ्यात ती इकडे येणार आहे. आपल्या जिल्ह्यातल्या चार-पाच गावांत बायकांना पाण्याविषयी प्रश्न विचारायचे आहेत. तिने प्रश्नांचा फॉर्म पाठवला आणि दोन कामं सांगितली: त्याचं साधं मराठी कर, आणि मग एक फॉर्म स्वतः भरून बघ, म्हणजे प्रश्न लोकांना नीट कळतील की नाही ते समजेल. मी कागद छापून आणला, पेन्सिलीने आकडे घातले, एका दुपारी सहा प्रश्नांचं मराठी पुरं केलं. सातव्या प्रश्नाच्या रकान्याशी आले आणि पेन्सिल खाली ठेवली. त्याला आज अकरा दिवस झाले. रकाना असा आहे: पाणी आणायला लागणारा वेळ, आणि त्यापुढे, मिनिटे.

म्हणून माझ्या आठवणींतलं हे प्रकरण लिहिते आहे. सारा, तू सावकाश वाच आणि तुझ्या भावाला, रोहनला, वाचून दाखव. त्याला मराठी अक्षरं लागत नाहीत, पण ऐकून कळतं.

माझ्या लहानपणी आमचं घर श्रीरामपूरला, शाळेच्या मागच्या आवारात. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी. मालगाडीचे डबे एकमेकांना लावताना जो आवाज होतो तो आमच्या घरात दिवसातून कितीतरी वेळा ऐकू यायचा आणि फळीवरच्या बशा वाजायच्या. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की रस्त्याने उसाच्या गाड्या, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा, आणि हवेत मळीचा तो आंबूस गोड वास, जो कपड्यांनाही लागायचा. पप्पा गणित शिकवत. घरातल्या प्रत्येक डब्यावर त्यांनी इंग्रजीत चिठ्ठी चिकटवलेली असे. आमच्याकडे राहणाऱ्या मार्था आत्याला वाचता येत नव्हतं. ती डबा कानाशी धरून हलवायची आणि म्हणायची, "ही डाळ. हे शेंगदानं." कधीच चुकली नाही. पप्पांना ते आवडत नसे, कारण मग चिठ्ठ्यांचा उपयोग काय?

आत्या पप्पांहून बरीच मोठी. लवकर विधवा झाली, मूलबाळ नव्हतं, आम्हीच तिची मुलं. तिच्या हातची बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, रविवारी मटणाचा रस्सा. जेवणाआधी पप्पा प्रार्थना म्हणत आणि ती लांबली की आत्या हळूच रश्शाच्या भांड्यावर झाकण ठेवायची. घरात 'हाय' आणि 'न्हाई' बोलायला बंदी होती. आमच्यापैकी कोणाच्या तोंडून गेलं तर उभं राहून ते वाक्य तीनदा शुद्ध म्हणायचं. आत्याला हा नियम नव्हता, पण पाहुणे आले की ती आपोआप आतल्या खोलीत जायची. तिला कोणी जा म्हणत नसे. थांब असंही कोणी म्हणत नसे, हे मला फार उशिरा दिसलं.

पाण्याच्या बाबतीत मात्र सत्ता तिची. आवारातल्या नळाला पाणी आलं की घरातलं प्रत्येक भांडं भरायचं. घागरी, बादल्या झाल्या की पातेली, मग तांबे. दारात कोणी पाणी मागितलं तर भरलेला तांब्या हातात द्यायचा. एकदा मी एका म्हाताऱ्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं, तर तिने माझा कान धरला. "वरून वतायचं न्हाई कुनाला. हातात द्यायचं." पुढे एकदा शिकेकाईने माझे केस धुताना तिने सांगितलं. आमचं मूळ गाव खर्ड्याच्या बाजूला. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला, पण वस्ती तीच, गावाबाहेरची, आणि विहीर गावाची. लहानपणी ती घागर घेऊन विहिरीपासून अंतर राखून उभी राहायची. गावातलं कोणी पाणी शेंदायला आलं आणि त्याच्या मनात आलं, तर वरून घागरीत ओतायचं.

"किती वेळ उभी राहायचीस?"

"कोनी येईस्तवर."

पडवीतून पप्पांचा आवाज आला, "ताई, पोरांना काय सांगत बसलीस!" पुन्हा तो विषय निघाला नाही. शाळेच्या अर्जात मूळ गावापुढे पप्पांनी सुंदर अक्षरात श्रीरामपूर लिहिलं होतं. मी पुढे सगळीकडे तेच लिहिलं. तुमच्या आईच्या अर्जातही. आपलं मूळ गाव खर्ड्याकडचं आहे, हे तुम्ही आज पहिल्यांदा वाचता आहात.

कॉलेजसाठी मी नगरला मुलींच्या वसतिगृहात राहिले. जोडविषयाच्या वर्गात आम्ही मोजकीच मुलं, आणि शिकवायला सबनीस सर, उन्हाळ्यातही छत्री घेऊन हिंडणारे, बोलताना डोळे मिटणारे. पुस्तकं इंग्लंडमध्ये छापलेली. त्यांत जगाचे दोन भाग होते, पुढारलेले देश आणि मागे पडलेले देश. आपण दुसऱ्या भागात आहोत हे वाचून मला मुळीच वाईट वाटलं नाही. मी आपलं ठरवून टाकलं होतं की वाचणारा पहिल्या भागात असतो. माझ्या वह्यांना समास, लाल शाईच्या रेघा, शीर्षकं. माझी मैत्रीण मंगल म्हणायची, "तुझी वही बघितली ना, की मला देश आत्ताच सुधारल्यासारखा वाटतो."

मंगल कोल्हारच्या पलीकडच्या एका गावातली, मोठ्या बागायतदाराची मुलगी. मोकळी, मोठ्याने हसणारी, सुट्टीहून येताना हरभऱ्याचे डहाळे आणि काकवीची बरणी आणून सगळ्या खोलीत वाटणारी. तिच्याइतकी जिवाभावाची मैत्रीण मला त्याआधी नव्हती. आणि तिलाही मी श्रीरामपूरचीच होते, मास्तरांची मुलगी.

दुसऱ्या वर्षी सरांनी एका गावाची पाहणी करायचं ठरवलं. मंगलच्या वडिलांनी सगळ्यांची सोय करतो म्हणून सांगितलं, म्हणून गाव तिचंच ठरलं. एसटीने गेलो. तिच्या आईने पहिल्या दिवशी मासवड्या केल्या, दुसऱ्या दिवशी हुलग्याची शेंगोळी, आणि प्रत्येक पंगतीला म्हणायची, "शहरातल्या पोरी लई कमी खात्यात. एवढं लिव्हायचं तर अंगात काय पायजे का न्हाई?" वडिलांना सगळे तात्या म्हणत. त्यांनी आम्हाला गाव दाखवलं: देऊळ, शाळा, दगडी बांधलेली विहीर. सरांनी पाण्याचं विचारलं तसं तात्या म्हणाले, "इहीर सगळ्यांची हाय सर. आपल्या गावात तसलं काई न्हाई." सरांनी डोळे मिटून मान हलवली.

त्या संध्याकाळी सरांनी आम्हाला ओट्यावर बसवून सांगितलं की परदेशातली एक संस्था जिल्ह्यात बोअर पाडणारं यंत्र आणते आहे. या गावाला एक हापसा मिळेल, एकच. कुठे बसवायचा ते आपल्या तक्त्यावरून ठरेल. ज्या घरांना पाण्याला जास्त वेळ लागतो तिथे. "तेव्हा सातवा रकाना काळजीपूर्वक भरा," ते म्हणाले. आमच्या तक्त्यातही पाण्याचा वेळ सातव्याच रकान्यात होता. "आणि एखादं उत्तर आकड्यात बसत नसेल तर ते कागदाच्या मागच्या बाजूला, त्यांच्या शब्दांत लिहा. मी मागची बाजूही वाचतो."

हे मी मुद्दाम लिहिते. मला मागची बाजू दिलेली होती.

सकाळी मंगल आणि मी वस्तीवर गेलो. एकोणीस घरं. त्यांनी काही वर्षांपूर्वी बौद्ध धर्म घेतला होता, भिंतींवर निळा रंग, अंगण झाडलेलं. पहिलंच घर सखूबाईंचं. पन्नाशीच्या असाव्यात, उंच, डोक्यावरचा पदर न ढळू देता बोलणाऱ्या. त्यांनी घोंगडी झटकून अंथरली. त्यांची मुलगी छबू, दहा-अकरा वर्षांची, दाराशी उभी. खांद्याला दप्तर आणि कमरेला रिकामी कळशी.

"शाळेला का नाही गेलीस?" मंगलने विचारलं.

"पानी आनून मग जाती," सखूबाई म्हणाल्या. "मास्तर म्हनत्यात, ही पोर रोज पाडे संपल्यावर उगवती. चौथीला हाय. हुशार हाय, पन उगवती उशिरा."

मी नाव, माणसं, जमीन असे रकाने भरत गेले. मग सातवा. "पाणी कुठून आणता?"

"इहिरीवरनं."

"किती लांब?"

"ती काय, दिसती हितनं." शंभर पावलंही नव्हती.

"किती वेळ लागतो?"

सखूबाईंनी मंगलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कोनी येईस्तवर," त्या म्हणाल्या.

मी पेन धरून बसले. माझ्या मानेवर शिकेकाईचं कोमट पाणी ओघळल्यासारखं वाटलं. तेच दोन शब्द, त्याच चालीवर.

मंगल हसून म्हणाली, "अगं, म्हणजे काही नाही. सकाळी आमच्या घरचं कोणी तरी असतंच विहिरीवर. मी गावात असले की मीच घालते ना पाणी यांना. लगेच. हो ना, सखूबाई?"

"व्हय की," सखूबाई म्हणाल्या. "मंगलताई हायेत तवर काय बी तरास न्हाई."

"दहा मिनिटं लिही," मंगल म्हणाली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. ती विहिरीवर यायची तेव्हाच तिला ती रांग दिसायची, आणि ती आल्यावर दहा मिनिटांत रांग संपायची. तिच्या आधी ती रांग किती वेळ उभी होती हे दिसायला तिला त्या बाजूला उभं राहावं लागलं असतं. मला उभं राहावं लागणार नव्हतं. मी त्या बाजूचीच होते.

मी कागद उलटला असता आणि तीन ओळी लिहिल्या असत्या, तर मंगलने विचारलं असतं, "हे तुला कसं माहीत?" दुसरं काहीही आड येत नव्हतं. आणि तेवढ्यात सखूबाईंनी, गावात कोणीही विचारतं तसं, विचारलं, "तुमी कोनाच्या, बाई? मूळ गाव कंचं?" मंगल माझ्या शेजारी बसलेली. मी म्हटलं, "श्रीरामपूर. मूळचे तिथलेच." सखूबाईंनी माझ्या गळ्यातल्या लहानशा क्रुसाकडे पाहिलं, आणि पुढे काही विचारलं नाही. त्यांना कळलं होतं असं मला आज वाटतं. तेव्हाही वाटलं होतं.

सातव्या रकान्यात मी १० लिहिलं.

उठताना त्यांनी विचारलं, "लिव्हलं का बाई माझं?"

"लिहिलं," मी म्हटलं.

एका घराला दहा लिहिलं की शेजारच्या घराला वेगळं कसं लिहिणार? विहीर तीच, अंतर तेच. पुढच्या घरी एक म्हातारी म्हणाली, "पार ऊन चढूस्तवर बसाया लागतं." एक सून नुसती हसली. मी एकोणीस घरांत एकोणीस वेळा दहा लिहिलं. नगरला परतल्यावर सगळ्या गावाचा पक्का तक्ता सरांनी मलाच करायला दिला, माझं अक्षर चांगलं म्हणून. सरांनी तो वर्गात उंच धरला. "एकही रकाना रिकामा नाही! काम असं पाहिजे." मंगलने टाळ्या वाजवल्या. बहुतेक कागदांच्या मागच्या बाजू कोऱ्या होत्या. आमच्या दोघींच्या तर सगळ्याच.

सुट्टीत घरी गेले तेव्हा मी आत्याला मोठ्या ऐटीत पाहणीची हकीकत सांगत होते. ती पडवीत लसूण सोलत होती. मासवड्या ऐकून खूश झाली. मग विचारलं, "आन् आपल्या लोकांची वस्ती हाय का तितं?"

"आहे. एकोणीस घरं."

"पानी कुटलं?"

"गावची विहीर."

लसूण सोलणं थांबलं नाही. "किती येळ थांबत्यात?"

मी काय सांगणार होते? तक्त्यात जे होतं तेच तोंडातून आलं. "दहा मिनिटं."

आत्याने वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, खोटं पकडल्याचा भावही नव्हता. तिचा चेहरा उजळला, हे मला आजही सोसत नाही. "धाच मिन्टं?" ती म्हणाली. "लई सुदारलं म्हनायचं मग. बरं झालं बाई. आमच्या येळंला..." आणि तिने वाक्य सोडून दिलं, पप्पा आत होते म्हणून.

तिने माझ्या आकड्यावर विश्वास ठेवला. मी शिकलेली होते, प्रत्यक्ष जाऊन आले होते.

यंत्र यायला अजून अवकाश होता. कॉलेज उघडल्या दिवशीच मी सरांच्या खोलीपाशी गेले. काय बोलायचं ते मी कागदावर लिहून, पाठ करून नेलं होतं. सर छत्री झटकून कोपऱ्यात ठेवत होते. "हं, बोल." मी म्हटलं, "सर, तक्त्याबद्दल..." ते म्हणाले, "अगं, उत्तम झालाय. मी तो पुढच्या वर्षीच्या मुलांना नमुना म्हणून ठेवणार आहे." त्यांच्या टेबलापाशी मंगल उभी होती, निबंधाची वही द्यायला आलेली. तिने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, चल की बाई आता, जेवायला उशीर होतोय, अशा अर्थाने. मी सरांना परीक्षेच्या वेळापत्रकाविषयी काहीतरी विचारलं आणि तिच्याबरोबर जेवायला गेले. त्या दिवशी खाणावळीत पिठलं होतं. ते मी दोनदा वाढून घेतलं हेही आठवतं.

हापसा वरच्या मळ्यांवर बसला. तिथल्या बायकांनाही लांबून पाणी आणावं लागे, त्यांच्या रकान्यात चाळीस मिनिटं होती आणि ती खरी होती. म्हणून कोणी फसवलं असं कोणाला म्हणता यायचं नाही. मंगलने सुट्टीहून आल्यावर सांगितलं की तात्यांनी हापशाला नारळ फोडला आणि सगळ्यांना पेढे वाटले. मी छबूचं विचारलं. "कोण छबू? अच्छा, सखूबाईची. तिने शाळा सोडली गं. उशिरा यायची म्हणून मास्तर रोज बाहेर उभं करायचे, मग ती यायचीच बंद झाली. शिकवलं असतं तर शिकली असती."

वस्तीवर हापसा झाला असता तर छबू शिकली असती का, हे मी सांगू शकत नाही. आणखी दहा अडचणी आल्या असत्या. पण मी तिच्या वाटेतली एक अडचण होते आणि ती नावानिशी मला माहीत आहे. बरीच वर्षं मी स्वतःला म्हणत असे की मी लहान होते, एकोणीस वर्षांची. सारा, तू आत्ता एकोणीस वर्षांची आहेस, आणि मला तू लहान वाटत नाहीस.

मी नोकरीला लागल्यावर एकदा त्या गावी गेले. वस्तीवर तेव्हा नळ आला होता. सखूबाई वारल्या होत्या. त्यांच्या सुनेने मला ओळखलं नाही, पण घोंगडी झटकून अंथरली आणि काही न विचारता भरलेला तांब्या हातात दिला. छबू लग्न होऊन जामखेडकडे गेल्याचं तिने सांगितलं. कशासाठी आलात, असं तिने विचारलं तेव्हा मी म्हटलं, "सहज. कॉलेजात असताना आले होते." पाणी पिऊन निघाले. आत्या तर त्याआधीच गेली होती, जग सुधारलं आहे असं समजून. मंगल अजून फोन करते, मोठ्याने हसते. तिलाही हे प्रकरण वाचायला देणार आहे. ती काय म्हणेल ते मला माहीत नाही.

आज सकाळी फॉर्म पुन्हा पुढे घेतला. सारा, तुझ्या सातव्या रकान्याचं मराठी केलं आहे: पाणी आणायला लागणारा वेळ. मिनिटे हा शब्द मी खोडला नाही, कारण फॉर्म तुझा आहे आणि तुझ्या शिक्षकांना आकडे लागतील. फक्त त्याच्या खाली पट्टीने चार रेघा आखल्या आहेत, लोकांच्या शब्दांसाठी. त्या कोऱ्या परत आल्या, तर जिने तो फॉर्म भरला तिच्याशी नीट बोल.

आणि तू सांगितल्याप्रमाणे एक फॉर्म भरून पाहिला. माझ्या स्वतःच्या नावाने भरता येईना, मला नळाखाली बादली ठेवण्यापलीकडे काय माहीत? म्हणून नावापुढे मार्था आत्याचं नाव लिहिलं. मूळ गावापुढे हात थोडा अडला, मग खर्ड्याजवळच्या त्या गावाचं नाव लिहिलं, स्वच्छ अक्षरात, पप्पा लिहीत तसं. सातव्या रकान्यात आकडा घातला नाही. खालच्या पहिल्या रेघेवर लिहिलं: कोनी येईस्तवर. आत्या म्हणायची तसंच ठेवलं आहे, शुद्ध केलेलं नाही.